वासोटा-नागेश्वरची फेरी आणि माझी एक जुनी पोस्ट



या पेजवर मी भात, नाचणी, स्ट्रॉबेरी, खतं आणि बाजारभाव यापलीकडं फारसं लिहीत नाही. आज डोंगरातल्या चालण्याबद्दल लिहितोय, पण ते शेवटी शेतावरच येणार आहे, त्यामुळं जरा दम धरा. मोठी पोस्ट आहे. जेवण झाल्यावर वाचा.

जुन्या मंडळींना आठवत असेल, जुलै २०२१ मध्ये माझा वरचा तुकडा घसरला होता. त्या वेळी मी फोटो टाकून लिहिलं होतं की निसर्गाच्या कोपापुढं माणसाचं काही चालत नाही. दोनशेच्या वर लोकांनी हात जोडल्याच्या खुणा टाकल्या होत्या. ती पोस्ट मी काढलेली नाही, खाली सापडेल. पण ती अर्धीच होती. उरलेली अर्धी आज लिहितो.

गेल्या डिसेंबरात आमच्या शेतकरी गटातली अकरा माणसं वासोट्याला गेलो. गटाची सहल म्हणजे दरवेळी कुठलं तरी कृषी प्रदर्शन, पिशवी, टोपी आणि येताना वडापाव. या वेळी पोरांनी धरलंच की डोंगरात जायचं, बामणोलीवरनं बोटीनं मेट इंदवली, तिथनं जंगलातनं वासोटा किल्ला, मग धारेधारेनं नागेश्वर आणि ओढ्याच्या वाटेनं पुन्हा मेट इंदवली. गोल फेरी, एका दिवसात. मी हो म्हटलं. बामणोलीच्या धक्क्यावर गेल्यावर कळलं, नाना पण आलेत.

नाना म्हणजे माझे थोरले चुलतभाऊ. माझ्यापेक्षा आठ वर्षांनी मोठे. माझ्या तुकड्याच्या खाली त्यांची तीन खाचरं होती, नऊ गुंठे. होती म्हणतो, कारण २२ जुलै २०२१ च्या रात्री माझी माती, दगड आणि स्ट्रॉबेरीच्या मल्चिंगचे कागद सगळं त्यांच्या खाचरांत जाऊन बसलं. तेव्हापासून आमचं बोलणं बंद. भांडण झालं नाही. भांडण झालं असतं तर बरं झालं असतं, ते मिटतं तरी. हे नुसतं गप्प राहणं होतं. लग्नकार्यात एका पंगतीला बसायचं आणि वाढप्याशी बोलायचं.

बोटीत जागा अशी मिळाली की गुडघ्याला गुडघा.

शिवसागर जलाशय ज्यांनी बघितला नाही त्यांच्यासाठी सांगतो. कोयना धरणाचं काम १९५६ ला सुरू झालं आणि साठच्या दशकाच्या सुरुवातीला पाणी चढायला लागलं. १०५ टीएमसीचं धरण. इकडं तापोळा-बामणोलीपर्यंत सगळं खोरं पाण्याखाली गेलं. आमचं मूळ गावही त्यातच. आजोबांनी दोन बैल, भांडी, देव आणि पेरायला ठेवलेली नाचणी घेऊन घाट चढला आणि आत्ता आहोत त्या डोंगराच्या पोटाला येऊन थांबले. मी त्यानंतर जन्मलो. नाना तिकडंच जन्मले, पण कडेवरचे होते, त्यांना आठवत काही नाही. तरी दरवेळी पाण्यावर आले की ते एका ठरावीक जागेकडं बघतात, तिथं आपलं शेत होतं म्हणून. त्यांना ते त्यांच्या आईनं दाखवलेलं. त्या दिवशीही बघितलं. मीही बघितलं. पाणीच दिसतं. बोलला कोणी नाही.

मेट इंदवलीला उतरलं की वन खात्याची चौकी. पिशव्या उघडायच्या, प्लास्टिकच्या वस्तू मोजून लिहायच्या आणि परत येताना तेवढ्याच दाखवायच्या. हे मला फार आवडलं. आमच्या शेतात मल्चिंगचा कागद असा मोजून आत-बाहेर केला असता तर बांधाबांधाला आज जी लक्तरं लोंबतात ती दिसली नसती. हे अभयारण्य १९८५ चं, आणि २०१० पासून चांदोलीबरोबर सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात आहे. मुक्काम करू देत नाहीत. पावसाळ्यात बंद असतं.

माझ्या पिशवीत एक वेगळी वस्तू निघाली. चार इंची पीव्हीसी पाइपाचा वीतभर तुकडा. चौकीवरच्या माणसानं विचारलं हे काय. म्हटलं, पाणी मोजायचं. त्यानं माझ्याकडं बघितलं आणि वहीत 'पाइप १' असं लिहिलं.

त्याचं असं आहे. मागं एका कृषी सहायकानं मला शिकवलेलं, पाइपाचा तुकडा मातीत दोन बोटं दाबायचा, आत एक लिटर पाणी ओतायचं आणि किती वेळात मुरतं ते घड्याळावर बघायचं. प्रयोगशाळेतलं माप नव्हे, पण दोन जागांची तुलना करायला पुरतं. मी माझ्या रानात सगळीकडं करून बघितलं होतं. स्ट्रॉबेरीच्या वाफ्यांमधल्या सरीत लिटरला पंचवीस मिनिटं. जुन्या नाचणीच्या वरकस तुकड्यात अकरा. आणि शेतात जाणारा जो मातीचा रस्ता आहे त्यावर अर्धा तास थांबलो, दोन बोटंही पाणी उतरलं नाही, कंटाळून उठलो. हा रस्ता ध्यानात ठेवा.

चौकीपासून वाट थेट जंगलात शिरते. पहिला ओढा ओलांडला की मारुती-गणपतीच्या मूर्ती आहेत, तिथं सगळे थांबतात. नंतर खडा चढ. डिसेंबरात सकाळी नऊला सुद्धा आत अंधार. अंजनी, जांभूळ आणि पिसा ही इथली खरी मालक झाडं, अधेमधे हिरडा, आंबा, उंबर. महाबळेश्वरच्या माथ्यावर पण हीच जोडी दिसते. बिनपानझडीचं रान, पण खाली पाचोळा घोटाभर. वरचं पान कोरडं, त्याखालचं काळं पडलेलं, त्याखालचं बोटांनी चुरलं की चहाच्या चोथ्यासारखं, आणि त्याखाली माती कुठं सुरू होते तेच कळत नाही. पांढऱ्या बुरशीचे धागे सगळीकडं. आपण गांडूळ खताच्या बेडला पैसे मोजतो, इथं डोंगरच्या डोंगर बेड आहे.

वाटाड्याला विचारून वाटेपासून चार पावलं आत पाइप टेकवला. खणायचं नाही, काही उपटायचं नाही, एवढी त्याची अट. म्हणाला, "पाणी ओतायला कोण न्हाई म्हणतंय, पण बिबट्या आला तर पाइप टाकून पळा." पोरं हसली. मी लिटरची बाटली ओतली. अडीच मिनिटं. पाणी गायब.

कृषी पदवीधर मंडळी लगेच म्हणतील, कडेनं गळलं असेल, मुळाच्या भोकातनं गेलं असेल. अगदी बरोबर, माझंही तेच मत आहे. पण माझ्या सरीत तशी भोकंच उरली नाहीत, मुद्दा तोच आहे. रोटाव्हेटरनं वरची चार बोटं भुसभुशीत आणि खाली तवा.

मग मी तोच पाइप पायवाटेवर टेकवला. मातीत जाईचना. नुसता धरून पाणी ओतलं तर ते खालनं निघालं आणि वाटेनं धावत सुटलं, पंधरावीस फूट गेलं. चार पावलांचं अंतर. जंगल तेच, माती तीच, वर सावली तीच. फक्त एकीवर माणसांचे पाय. नाना मागं उभे होते. मला वाटलं पुढं जातील. ते त्या धावणाऱ्या पाण्याकडं बघत राहिले, मग माझ्याकडं न बघता म्हणाले, "वाट हाय म्हणल्यावर पाणी वाटंनंच जाणार."

साडेतीन वर्षांत मला उद्देशून बोललेलं हे पहिलं वाक्य. उद्देशून होतं की नाही, तेही पक्कं सांगता येत नाही.

चढताना पुढं एक फाटा लागतो. एक वाट किल्ल्यावर, एक नागेश्वराकडं. आधी किल्ला करून परत फाट्यावर यायचं. किल्ल्याबद्दल मी फार लिहीत नाही, जाणकारांनी पुष्कळ लिहून ठेवलंय. व्याघ्रगड असंही नाव आहे. पडका दरवाजा, छप्पर नसलेला मारुती, पाण्याचं टाकं, महादेवाचं देऊळ. बाबू कडा मात्र बघाच. गोल आत वळलेला काळा कातळ आणि समोर जुना वासोटा. आमच्यातला एकजण कड्याच्या टोकाला फोटोला गेला आणि त्याला ओढून आणायला दोघं लागले. भाकरी तिथंच खाल्ली. नानांनी त्यांच्या डब्यातलं खरड्याचं फडकं सगळ्यांपुढं फिरवलं, माझ्यापुढंही. मी घेतला.

खरं चालणं त्यानंतर. फाट्यावरनं नागेश्वराची वाट धारेला लागते. डावीकडं कोयनेचं खोरं, पाणी चकाकतंय. उजवीकडं कोकण, एकदम खाली तुटलेलं, खेड तालुक्यातली घरं काड्यापेटीएवढी. एका पायाचं पाणी कोयनेला आणि दुसऱ्या पायाचं कोकणात अशी जागा. एक पोरगं म्हणालं, म्हणजे एक पूर्वेच्या समुद्राला आणि एक पश्चिमेच्या. वाटाडा म्हणाला, कोयनेचं पाणी तरी कुठं सगळं पूर्वेला जातंय, बोगद्यातनं पोफळीला उतरतंय, वीज करतंय आणि तिथनं वाशिष्ठीत. म्हणजे ते पण कोकणातच. यावर पोरांचा बराच वेळ वाद झाला.

धारेवर कारवीचं रान आहे. डोक्याएवढ्या काठ्या, खडबडीत पानं. कारवी सात-आठ वर्षांनी एकदाच फुलते, एकदम सगळी, आणि बी टाकून मरते. फुलोऱ्याच्या साली मधाचं विचारू नका. आमच्या लहानपणी कारवीच्या कुडाला शेण-माती लिंपून भिंती करायचे. मला इथं तिचं दुसरंच काम दिसलं. जिथं कारवी दाट, तिथं उताराची माती दोन्ही बाजूंनी धरून ठेवलेली. जिथं वाटेसाठी तोडलीय, तिथं खालचा मुरूम उघडा. गव्याची शेणं होती, ताजी. गवा दिसला नाही. आमच्याकडं रात्री नाचणीत रोज दिसतो, इथं त्याच्या घरी गेलो तर नाही.

अर्ध्या वाटेवर समोरच्या उतारावर एक पांढरट-तांबडा ओरखडा दिसला. वरच्या कातळाच्या पायथ्यापासून खाली ओढ्यापर्यंत. झाडं मुळासकट आडवी, वर आता दिंड्याचं आणि रानकेळीचं गचपण उगवलेलं. वाटाडा म्हणाला, २०२१ चा. त्याच रात्रीचा.

मी थांबलोच. खरं सांगायचं तर मनातून बरं वाटलं. बघा, जंगल होतं, एक कुऱ्हाड लागली नव्हती, तरी घसरलंच की. म्हणजे माझी पोस्ट खरी. त्या दिवशी महाबळेश्वरला चोवीस तासांत ५९४ मिलिमीटर पाऊस नोंदला होता. एवढ्या पाण्यापुढं कोण टिकणार? पंचनाम्यातही कारण 'अतिवृष्टी' असंच लिहिलेलं. मी हे बोलून पण दाखवलं, जरा मोठ्यानं, नानांना ऐकू जाईल असं.

नाना काठी टेकून ओरखड्याकडं बघत होते. बऱ्याच वेळानं म्हणाले, "एक तुटलं. बाकीचं बघ की उभं हाय."

मी बघितलं. त्याच उतारावर अशा किती तरी नळ्या होत्या. सगळ्या तेवढ्याच उभ्या, तेवढंच पाणी प्यालेल्या. तुटली ती एक. आणि आमच्या वस्तीच्या डोंगरावर त्या रात्री तुटल्या त्या पाच जागा. पाचातल्या तीन जागी वर नवा कापलेला रस्ता होता. हे मला ठाऊक होतं. कोणालाही विचारायची गरज नव्हती, मी स्वतः हिंडून बघितलं होतं. फक्त लिहिलं नव्हतं.

नागेश्वरला शेवटी पायऱ्या चढून गुहेपाशी जायचं. कातळाच्या पोटात शंकराची पिंड आणि वरनं थेंब थेंब पाणी, बारा महिने. महाशिवरात्रीला चोरवण्याच्या बाजूनं कोकणातली माणसं कडा चढून येतात. डिसेंबरात पाऊस जाऊन दोन-अडीच महिने झालेले, तरी थेंब चालूच. वर फक्त डोंगरमाथा आणि रान. ना तलाव ना कालवा. पावसाळ्यात प्यालेलं पाणी डोंगर असं थेंबानं सोडतो. अलीकडच्या वाटेवर मी कातळाच्या दोन थरांमध्ये वीतभर तांबड्या मातीचा पट्टा बघितला होता, त्यावरनं पाणी पाझरत होतं. खाली काळा खडक, मध्ये तांबडी चिकट माती, वर पुन्हा खडक. वरनं मुरलेलं पाणी त्या तांबड्या थरावर येऊन अडतं आणि आडवं चालायला लागतं. माझा तुकडा घसरला तेव्हा खाली जो उघडा तळ दिसला, तो अगदी अस्साच तांबडा आणि साबणासारखा गुळगुळीत होता. ज्या थरानं डोंगराला झरे दिले त्याच थरावरनं माझी माती घसरली. मला हे तिथं बसल्यावर कळलं, शेतात कधी सुचलं नाही. शेतात माणूस नुकसान मोजत असतो.

उतरायची वाट ओढ्याची. दगडांवरनं उड्या मारत जायचं, गुडघ्यांची परीक्षा. माझा उजवा गुडघा अर्ध्यात बोलायला लागला म्हणून मी मागं पडलो. नाना साठीच्या पुढचे, त्यांनाही घाई नव्हती. पोरं पुढं गेली. आम्ही दोघंच राहिलो.

जंगल सपाटीला आलं तशी झाडांमध्ये रांगेनं रचलेले दगड दिसायला लागले. मला आधी वाटलं ओढ्यानं आणलेले. नाना वाट सोडून आत गेले आणि हाक मारली, "हिकडं ये."

ताल होते. आपण खाचराला रचतो तसले, कंबरेएवढे, एकाखाली एक. धरण होण्याआधी इथं गावं होती, त्यांची शेती. एका तालावर घराचं जोतं होतं, जोत्यातनं उंबर वर आलेला. साठ वर्षांत वापर नाही, वर झाडं वाढली, मुळांनी दगड कवटाळले, तरी ताल उभे. दोनचार जागी ढासळलेत, बाकी जागच्या जागी.

नाना तालाच्या कडेकडेनं चालत गेले आणि टोकाला वाकून पाचोळा हातानं बाजूला सारला. खाली मोरी होती. दोन उभे दगड, वर एक आडवा, तळाला फरशीसारखा सपाट दगड बसवलेला. खाचर भरलं की जास्तीचं पाणी तिथनं निघायचं, खालच्या खाचरात न जाता कडेच्या नळीत. खालच्या तालाला बघितलं, त्यालाही. त्याच्या खालच्यालाही. सगळ्या मोऱ्या एकाच बाजूला, ओढ्याच्या अंगाला, एकाखाली एक जिन्यासारख्या.

"आज्यानं आपल्या रानात अशीच केलती," नाना म्हणाले. "चार मोऱ्या हुत्या. तुझ्या वरच्या तालाला एक, अन् माझ्या तीन खाचरांना तीन."

मला माहीत होतं. लहानपणी वरच्या मोरीत मी खेकडे धरलेत.

मंडळी, हीच ती अर्धी गोष्ट. एप्रिल २०१९ मध्ये मी स्ट्रॉबेरीचे क्रेट गाडीपर्यंत डोक्यावर न्यायला नको म्हणून जेसीबी लावून माझ्या वरकसातनं दोनशे फूट आडवा रस्ता काढला. साडेचार तासांचं काम. मध्ये दोन जांभळं आणि एक पांगारा येत होता, ते काढले. कापलेली माती आणि मुरूम उचलून कुठं नेणार, खालच्या अंगाला ढकलला. तो आजोबांच्या तालावर पडला. जेसीबीवाल्यानं विचारलंही होतं, "खाली मोरी दिसतीय, ठेवू का?" मी म्हटलं, "दाब. रस्ता रुंद पायजे."

दोन पावसाळे काही झालं नाही. झाडं गेल्यावर मुळं एकदम मरत नाहीत, दोनतीन वर्षांत कुजत जातात, तोवर माती धरून असतात. तिसऱ्या पावसाळ्यात ती रात्र आली. सगळ्या डोंगराचं पाणी माझ्या रस्त्यावर गोळा झालं, रस्त्यानं दोनशे फूट धावलं, आणि जिथं पूर्वी मोरी होती तिथं बाहेर पडायला जागा नाही म्हणून तिथंच आत शिरलं. तुटलं ते बरोबर त्या जागी तुटलं. पाऊस खोटा नव्हता. पंचनामाही खोटा नव्हता. पण पाऊस सगळ्यांच्याच रानावर पडला होता.

मी नानांना म्हटलं, "नाना, तुमची मोरी मी बुजवली."

ते म्हणाले, "ठावं हाय."

"मग बोलला का नाही?"

"तू बोलतोय का बघत हुतो."

आणि जरा थांबून, "साडेतीन वर्सं लावलीस." एवढं बोलून ते पाचोळा पुन्हा मोरीपुढं सारायला लागले, जणू उघडं ठेवलं तर कोणी चोरून नेईल. मला रडू आलं का असं विचाराल तर नाही आलं. गुडघा दुखत होता आणि खाली पोरं बोटीसाठी बोंबलत होती. पाचच्या आत निघायचं होतं.

चौकीवर वहीत टिक केली, पाइप एक. बोटीत नाना शेजारी बसले. येतानाही त्यांनी त्या जागेकडं बघितलं, या वेळी बोट करून दाखवलं. दोन टेकड्यांच्या मधली खोबण आणि तिच्या डावीकडं. मी आता विसरणार नाही.

आता कामाचं. संक्रांतीनंतर आम्ही सुरुवात केली. रस्ता मोडायचा विचार होता, पण गाडी तर लागतेच. म्हणून तीन गोष्टी केल्या. एक, रस्त्याला दर चाळीस फुटांवर आडवी उथळ दगडी नाली, तिरपी, पाणी रस्त्यावर धावायच्या आत कडेला काढायला. दुसरं, ढकललेला मुरूम हातानं मागं घेऊन जुना ताल उघडा करतोय. वरची मोरी सापडली, आडवा दगड मोडलाय, तळाचा शाबूत आहे. तिसरं, ओरखड्याच्या दोन्ही कडांना वाळा लावला आणि वरच्या बांधाला जांभळाची रोपं. जांभूळ मोठं होईपर्यंत मी म्हातारा होईन, वाळा तोवर धरेल अशी आशा. नानांची तीन खाचरं साफ व्हायला मात्र अजून दोन उन्हाळे जातील. या पावसाळ्यात एकातच तरवा लागेल.

तज्ज्ञ मंडळींना एक सरळ प्रश्न आहे. मला दोघातिघांनी सुचवलं की वरच्या वरकसात सलग समतल चर मार, पाणी मुरेल. पण माझा उतार जास्त आहे, माती खोल आहे आणि खाली तो तांबडा चिकट थर आहे. तिथं चर मारून पाणी अडवलं तर ते मुरून त्याच थरावर येणार आणि पुन्हा घसरवणार, अशी मला भीती आहे. माझ्या मते अशा जागी पाणी मुरवण्यापेक्षा सावकाश बाहेर काढणं महत्त्वाचं, आजोबांच्या मोऱ्यांसारखं. माझं चुकत असेल तर सांगा. पण कृपा करून माझ्यासारखा उतार आणि असला थर ज्यांनी पायाखाली बघितलाय त्यांनीच सांगा. सपाटीवरच्या चरांचे फोटो टाकू नका.

आणि ज्यांनी उतारावर रस्ता काढायला जेसीबी सांगितलाय, त्यांनी मशीन यायच्या आदल्या दिवशी घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाला घेऊन तालाच्या कडेनं एकदा चालून या. मोऱ्या त्यांना माहीत असतात.

उद्या सकाळी वरच्या मोरीचा आडवा दगड बसवायचाय. पहार नाना घेऊन येणार आहेत. ती पहार माझीच आहे, २०२१ च्या जूनमध्ये त्यांनी बांधाला नेलेली. मागायला मला तोंड नव्हतं आणि आणून द्यायला ते येत नव्हते.